जुनी हडळ वाचवा

५ एप्रिल, रवि.
पार्क सुरू. नाटकाचा हंगाम संपला, आता पावसापर्यंत हडळ. यंदा झाडीपट्टीत कंपनीनं मला एकाच नाटकात घेतलं, तेही दुसऱ्या अंकात मरणारी सासू. त्यापेक्षा गोंदियाजवळ फुलचूरच्या पार्कातला भूतबंगला बरा. इथं मी आधीच मेलेली असते आणि तरी शेवटपर्यंत काम असतं.

जागा तीच. तिसऱ्या वळणावर, काळ्या पडद्यामागं, स्टुलावर. सापळा प्लॅस्टरचा, घुबड पत्र्याचं, हडळ मी. माणसं बसलेली गाडी रुळावरून वळणावर येऊन क्षणभर थांबते. हात बाहेर काढायचा, खांद्यावर ठेवायचा आणि म्हणायचं, "माहं लेकरू पायलं का?" हात त्याआधी बर्फाच्या डब्यात. गोळावाला भरून देतो, कुरकुर करत.

गाड्यांची मोटर दामूकडे. बाहेरून पत्र्यावर ठोका मारतो. एक ठोका म्हणजे गाडीत लेकरू आहे, हात लावायचा नाही, वाक्यही हळू. दोन म्हणजे मोठी माणसं, होऊ दे. तीन म्हणजे पिऊन आलेत, हात आत ठेव. इतक्या वर्षांत ठोक्यात चुकला नाही. बाकी सगळ्यात चुकतो.

९ एप्रिल
शेठनं गेटवर पाटी लावली, भूतबंगला नवीन होणार. मशीनची भुतं येणार. मला विचारलं नाही, पाटी वाचून कळलं.

पाटीचा फोटो कुठं कुठं गेला आणि व्हॉट्सॲपवर ग्रुप निघाला. 'जुनी हडळ वाचवा'. शेठनं दामूला त्यात घुसवलंय, "पब्लिक क्या बोलती है, देखते रहो." दामूनं दाखवलं. मंडळी सगळी गोंदियाची, पण गोंदियात एकही नाही. पुणे, हैदराबाद, एक दुबईत. उंटावरून शेळ्या हाकतात.

म्होरक्या चेतन नावाचा. पुण्यात कंपनीत आहे. लिहितो, आपली हडळ ही जपानी बनावटीची मशीन आहे, असं काम आता होत नाही, हा आपला ठेवा आहे.

दोनदा वाचलं. जपानी! माझं माहेर आमगाव.

दामू हसून हसून खाली बसला. मलाही हसू आलं, खोटं कशाला लिहू.

१२ एप्रिल
आज ग्रुपवर साडी. हडळीची मूळ साडी पांढरी की हिरवी. एक म्हणतो पांढरीच अस्सल, हिरवी हा नंतरचा भ्रष्ट बदल, धंद्यासाठी केलेला. दुसरा म्हणतो हिरवीत खोल अर्थ आहे, ती बाळंतपणात गेलेली सवाष्ण आहे. त्यावर टाळ्यांची चित्रं, हात जोडल्याची चित्रं. एका बाईनं तर डोळे पाणावले म्हणून लिहिलं.

पांढरी उंदरांनी खाल्ली. हिरवी मी नाटकातल्या पाटलिणीची घरी आणली होती, ती नेसले. एवढाच अर्थ.

शिकलेली माणसं ही. यांच्या हातात म्हणे परदेशातल्या बँकांचं काम असतं.

१९ एप्रिल, अक्षय्य तृतीया, आमची अक्ती
गर्दी मरणाची. लग्नाची वऱ्हाडं सरळ पार्कात. एक नवरदेव बाशिंगासकट बसला गाडीत. दोन ठोके. असा ओरडला की नवरीच त्याला धीर देत होती. खूप बरं वाटलं. टाळी खोटी वाजवता येते, किंकाळी नाही. स्टेजवर मला अशी दाद कधी मिळाली नाही, नायिका असतानाही नाही.

ग्रुपवर दोन तट पडलेत. नवेवाले आणि जुनेवाले. नवेवाले म्हणतात, त्या मशीनला आता काय धरून बसता, लाइट आणा, धूर आणा, जग कुठं चाललंय. जुनेवाले म्हणतात, आमच्या बालपणाला हात लावू नका. बालपण इथं ठेवून गेले, जसं काही मी राखणीला बसले आहे. यातला एक जण जरी सणाला आला असता तरी तिकीट काढून बसवला असता. पण येत नाहीत. लांबून जीव टाकतात.

हात थंड कसा, यावर तर प्रबंध. फ्रिजचा गॅस आत सोडलेला असतो म्हणे. नागपूरची कोणी बाई लिहिते, हात रबराचा होता, मला स्पष्ट आठवतं.

रबराचा. तेव्हापासून भात कालवतानाही हाताकडं बघते आहे. मेलीला काय दिसलं?

२३ एप्रिल
शेठनं ऑफिसात बोलावलं. पंखा माझ्याकडं वळवला, म्हणजे वाईट बातमी.

"इंदूबाई, पब्लिक जीत गई. पुरानी चुड़ैल ही रहेगी. वही हाथ, वही आवाज़."

माझं काळीज सुपाएवढं झालं. पुढं म्हणतो, रायपूरचा माणूस येईल, तुमच्या हाताचा साचा घेईल, आवाज भरून घेईल, रबराची तशीच्या तशी हडळ बनवेल. "सब आपका ही रहेगा. बस आपको आना नहीं पड़ेगा."

असं सांगितलं की जणू उपकार.

म्हटलं, शेठ, ठोक्यांचं काय? लेकरू कोण, पिलेला कोण, ते रबराला कसं कळणार?
"सेंसर है ना."
"सेंसरला पिलेला कळतो?"
"सबको एक जैसा डराएगा. भेदभाव खतम."

मी नाही म्हटलं तर, विचारलं. तर म्हणे हात काय, कोणाचाही घेता येईल, बायकांना हात असतातच. पण तुमचा घेतला तर पब्लिक खूश. विचार करा, घाई नाही. घरी आराम करा आता.

आराम. घरी कोण आहे? एक मी आणि एक कूलर.

२४ एप्रिल
भीती वाटते. लिहून टाकलं की कमी होईल असं वाटलं होतं, झाली नाही.

कंपनीवाले पुढच्या साली बोलावणार नाहीत, हे मला कळतं. त्यांना आता तरण्या सासवा लागतात. तेंदूपत्ता तोडायला गुडघे नाहीत. पण पोटाचं काहीतरी होईल, तो घोर नाही. त्या पडद्यामागं माझं तोंड कोणाला दिसत नाही, नाव कोणाला ठाऊक नाही, तरी गाडी वळली की सगळा जीव माझ्या हातात असतो. तेवढंच उरलंय माझ्याजवळ, आणि तेवढंच हे साच्यात ओतून घेणार.

आणि हे सगळं कोणामुळे? वाचवणाऱ्यांमुळे. नुसत्या नवेवाल्यांनी मला हाकललं असतं तरी मान ताठ ठेवून गेले असते. यांनी वाचवून हाकललं.

२८ एप्रिल
दामू सकाळपासून मागं लागलाय.
"सांगून दे ना त्याइले, तू मानूस होस म्हनून. काऊन मुकी बसून रायली?"
"मी कायले सांगू? त्याइच्या डोस्क्यात अंधार असन तं मी का कंदील धरू?"
"धर ना मंग. तुह्याच घरात उजेड पडन."

कधी नव्हे ते शहाण्यासारखं बोलला. म्हणून जास्तच राग आला.

१ मे
सांगितलं. झाली शोभा.

दुपारी गर्दी नव्हती. दामूच्या फोनवरून लिहिलं, 'नमस्कार. ती मशीन नाही. ती मी आहे. झाडीपट्टीची कलावंत आहे. नाव इंदू.' चार वेळा वाचून पाठवलं. छातीत धडधड, पहिल्या एन्ट्रीला होते तशी.

आधी कोणी हसला. मग कोणी विचारलं, हा नंबर कोणाचा? मग चेतन. 'कृपया अफवा पसरवू नका. ज्यांना आपल्या ठेव्याविषयी आदर नाही त्यांनी इथं थांबू नये. माझ्याकडे आतल्या मशीनचा फोटो आहे.' आणि टाकला फोटो.

कूलरची मोटर! मागच्या उन्हाळ्यात मला उकडत होतं म्हणून दामूनं पडद्याआड लावून दिली होती, ती. वाकलेलं पातं आणि गंजलेली जाळी. त्याला माणसं हात जोडत होती. कोणी लिहिलं, काय कारागिरी आहे!

पाच मिनिटांत दामूला ग्रुपमधून काढलं. जिवंत बाईला हाकललं, का तर तिची मशीन वाचवायची आहे. यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

दामू माझ्यापेक्षा जास्त कष्टी. रोज सकाळी फुलांचे फोटो टाकायचा तिथं.

३ मे, रवि.
पुढच्या रविवारी 'जुनी हडळ'वाल्यांचा मेळावा, पार्कातच. चेतनही येणार. शेठ खुशीत. रायपूरवाल्याची हडळ अजून व्हायची आहे, म्हणून त्या दिवशी मीच. मला म्हणतो, "उस दिन एकदम मशीन के जैसा करना. इधर-उधर का डायलॉग नहीं."

आधी मशीन माझ्यासारखी करणार होते. आता मी मशीनसारखं करायचं. मी म्हटलं, करते. नाही म्हटलं असतं तर कोणाला तरी दुसरीला बसवलं असतं, आणि ते मला सोसलं नसतं.

१० मे, रवि.
मेळावा. घाम, सामोसे, भाषणं.

सगळ्यांच्या अंगात एकसारखे टी-शर्ट. छातीवर हडळ, तिला सुळे, वीतभर नखं, बाहेर आलेली जीभ. मी पत्र्याच्या फटीतून बघितलं. माझी आई असती तर तिनंही ओळखलं नसतं. चेतन ग्रुपवरच्या फोटोवरून लांबून ओळखू आला, टक्कल पडत चाललेला, गळ्यात कॅमेरा. कडुलिंबाखाली उभा राहून बोलला, पुणेरी मराठीत, की हा विजय भावनांचा आहे. एक लेकरू आईसक्रीमसाठी भोकाड पसरून होतं, तेवढंच काय ते खरं बोलत होतं.

मग गाड्या सुरू. दोन ठोके, दोन ठोके, दोन ठोके. किंचाळत होते, मग हसत होते, मग एकमेकांना सांगत होते, सेम, एकदम सेम. मी मन लावून काम केलं. रागानं केलं म्हणून असेल, पण चांगलं झालं.

चेतन आधी मुलीला घेऊन आला. एक ठोका. मी हात आत ठेवला, वाक्य हळू म्हटलं. मुलगी घाबरली नाही, उलट म्हणाली, "नाही पाहिलं." गोड पोर. बापावर गेली नाही.

थोड्या वेळानं परत दोन ठोके. तो एकटा. मी हात ठेवला खांद्यावर. बाकीचे दचकतात, हा दचकला नाही. त्यानं हात वर केला आणि माझा हात धरला. पिळला, झटकला असं नाही, नुसता धरला. अंगठा माझ्या मनगटावर, नाडी असते तिथं. गाडी थांबलेली. मला माझाच श्वास ऐकू येत होता, म्हणजे त्यालाही येत असणार.

मग एकदम खालच्या आवाजात बोलला. पुणेरी नाही, इथलंच. लहानपणी बोलत असेल तसं.

"कोन आहे वो?"

आणि मी म्हटलं, "माहं लेकरू पायलं का?"

त्यानं हात सोडला. गाडी गेली. बाहेर जाऊन मोठ्यानं सांगताना ऐकलं, "एक नंबर. अजूनही तशीच चालते."

१२ मे
दोन दिवस पार्कात गेले नाही. दामूला सांगितलं ताप आहे. नाही ताप.

मेल्यानं विचारलं होतं. इतक्या वर्षांत त्या अंधारात पहिल्यांदा कोणीतरी विचारलं, कोन आहे. आणि मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. एवढं सोपं उत्तर होतं, इंदू. तोंडाशी आलं होतं, असं मी स्वतःला सांगते. खरं म्हणजे आलंच नव्हतं. हंगामामागून हंगाम त्या जागी जे म्हणायचं तेच आलं. त्या घटकेला मी मशीनच होते, त्यांचं काही चुकलं नाही, असंही वाटून गेलं. मग स्वतःची इतकी चीड आली की चहाची कपबशी मोरीत आदळली. बशी गेली.

आज दामू ताप बघायला आला. त्याला सगळं सांगितलं. म्हणतो, "भेवला असन बिचारा, भेवात निंगून जाते तोंडातून."
"भेवलेला मानूस वो म्हनते का? बाईमानसाले म्हनते वो. मशीनले कोनी वो म्हनते?"
दामू म्हणतो, "म्हंजे त्याले समजलं?"

समजलं. मला खात्री आहे. आणि समजूनही बाहेर जाऊन तो तसं बोलला. किंवा समजलं नाही, आणि मी दोन दिवस 'वो' या एका अक्षरावर डोकं फोडते आहे. दोन्हींत जास्त वाईट कुठलं, मला ठरवता येत नाही. पुण्याला पोचला असेल आता. ठेवा वाचवून.

१६ मे
शेठचा फोन. रायपूरचा माणूस उद्या दहाला येणार, प्लॅस्टर कालवून तयार ठेवणार. "इंदूबाई, हाथ में नारियल तेल लगा के आना. नहीं तो साँचा चिपक जाता है." मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. त्यानं ते हो धरलं असणार, शेठच तो.

दामू येऊन ओट्यावर बसला. "जाशीन का?" दोनदा विचारलं. मी म्हटलं, तू तुही मोटर पाय. उठून गेला, पण वळून बघत गेला.

तेलाची बाटली काढली. डोक्याला लावलं, चांगलं चोळून, वेणी घातली. हात साबणानं धुतले, तेलाचा थेंबही ठेवला नाही. दहाला अजून वेळ आहे.