टेकण्यालायक कठडा

तीर्थस्वरूप दादांस,

साष्टांग नमस्कार. (कमरेत उसण भरली आहे, त्यामुळे आठांपैकी चारच अंगं टेकली आहेत. उरलेली चार भेटीअंती.) इकडे आम्ही दोघं खुशाल. तुमची बहीण तर इतकी खुशाल आहे की सकाळपासून माझ्यावर तीनदा ओरडून झालंय. तुमची तब्येत कशी आहे? डॉक्टरांनी तुम्हाला वजन उतरवायला सांगितल्याचं वहिनींकडून कळलं. दादा, डॉक्टरांचा मान राखावा, पण एवढी घाई कशाला? चांगलं कमावलेलं शरीर आहे. निदान येत्या रविवारपर्यंत तरी पोटभर जेवा, दुपारची झोप चुकवू नका आणि ते सकाळचं चालणं तर बंदच ठेवा. ही माझी अगदी कळकळीची विनंती आहे.

नमनालाच घडाभर तेल गेलं, आता मुख्य बातमी. कठडा झाला, दादा! झाला! आपल्या म्हाताऱ्या शिडाच्या होडीला कडेने जो स्टीलचा कठडा आहे, तो त्या दिवशीच्या वादळात एका बाजूने पार बाहेर झुकला होता आणि दोन खांब बुडापासून हलले होते, ते तुम्हाला आठवत असेलच. (वादळ कुठून आलं, किती वेळ टिकलं, हे आपल्या दोघांनाच ठाऊक. भिंतींना कान असतात म्हणून इथे जास्त लिहीत नाही.) त्यानंतर तुमची बहीण सवयीप्रमाणे त्याच कठड्याला धरून होडीत चढायला गेली, कठड्याने मान टाकली आणि हिच्या डाव्या पायातली नवीकोरी चप्पल पाण्यात गेली. ही वाचली, चप्पल वाचली नाही. धक्क्यावर उभं राहून तिने तिथल्या तिथे निकाल दिला, की आता या सवतीवर मी पाऊल ठेवणार नाही, एक तर ती धड करा नाहीतर विका. आणि नुसती बोलून थांबली असती तर ती तुमची बहीण कसली! गिऱ्हाईकही शोधलं. तिच्या दातांच्या डॉक्टरांचे जावई. महिनाअखेरीला होडी बघायला येणार आहेत. तेव्हापासून मला रात्री त्या जावयांचे दात दिसतात.

दादा, खरं सांगू? होडी एकट्यानेही चालवता येते, पण मला करमत नाही. ही पुढे नाकाशी बसून 'डावीकडे घ्या, अहो डावीकडे!' असं ओरडत असते तेव्हा मला राग येतो. आणि ओरडायला कोणी नसतं तेव्हा मी होडी सरळ धक्क्याला परत आणतो. म्हणून मी मनावर घेतलं, की कठडा असा करायचा की हिने आपण होऊन हात पुढे केला पाहिजे.

आधी वाटलं, वाकलेला खांब सरळ करायला कारागीर कशाला हवा? जो वाकतो तो सरळही होतो. धक्क्यावर होड्या बांधायचा लोखंडी खुंटा आहे. त्याला दोराचं एक टोक बांधलं, दुसरं खांबाला, मध्ये दांडका घालून पीळ द्यायला लागलो. खांब तसूभर हलेना. होडी मात्र हलली! सगळीच्या सगळी आली ती धाडकन धक्क्यावर, आणि आतल्या कपबशा जमिनीवर. पण मी हार मानणाऱ्यातला आहे का? पुन्हा पीळ दिला. या खेपेला खांब सरळ झाला, आणि सरळ होऊन थांबला नाही, तसाच आत वाकला. मग गाडीचा जॅक आणून त्याला बाहेर ढकलला, तो जरा जास्तच बाहेर गेला, म्हणून पुन्हा आत ओढला. असं आत-बाहेर करता करता तो बुडापाशी कटकन तुटून माझ्या हातात आला. तुमची बहीण धक्क्यावरून बघत होती. एक शब्द बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हाच मला जास्त भीती वाटते, तुम्हाला तर लहानपणापासूनचा अनुभव असेल.

मग गेलो जाळीवाल्यांकडे. हे आमच्या गल्लीच्या तोंडाशी खिडक्यांच्या जाळ्या आणि फाटकं बनवतात. हात सोन्याचा, पण जन्म सगळा कोरड्या जमिनीवर गेलेला. होडीवर आले ते पाणसळ घेऊन. (पाणसळ म्हणजे ती बुडबुडा असलेली पट्टी. बुडबुडा मधोमध थांबला की काम सपाट.) त्यांनी पट्टी ठेवली, बुडबुडा उजवीकडे गेला. पाचर लावली, बुडबुडा डावीकडे. बराच वेळ त्याच्याकडे रोखून बघून ते गंभीरपणे म्हणाले, "साहेब, तुमचं घर हलतंय." मी म्हटलं, अहो, ही होडी आहे. तर म्हणतात, "मग थांबवा की थोडा वेळ." दादा, होडी थांबवण्यासाठी मला एका कडेला उभं केलं, माझं वजन पुरेना म्हणून हातात रंगाचे दोन डबे दिले, आणि श्वास घ्यायचा नाही अशी ताकीद दिली. बुडबुडा जरा मधे येतोय न येतोय तोच शेजारून एक मोटारबोट गेली. रंगाचा एक डबा चपलेच्या वाटेने गेला. शेवटी जाळीवाल्यांनी पाणसळ पिशवीत कोंबली, जुन्या कठड्यावर पुठ्ठे धरून आकार कापून घेतले आणि कानाला हात लावून घरी गेले.

पहिल्या खेपेला त्यांनी करून आणलेला कठडा इतका अखंड होता, की त्यात होडीत चढायला वाटच नव्हती. विचारलं तर अभिमानाने म्हणाले, "चोर येणार नाही." ती वाट कापून घेतली. मग माझं लक्ष होडीच्या नाकाकडे गेलं. तिथे, दादा, कठड्याच्या ऐन मध्यावर चार पाकळ्यांचं स्टीलचं फूल! रिकामी चौकट त्यांना म्हणे बघवत नाही. मी खूप वाद घातला. आता मला ते फूल इतकं आवडतं की रोज सकाळी फडक्याने पुसतो.

खरी गंमत बसवण्यात झाली. जुने स्क्रू काढले तर खालचं लाकूड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं! ते खरवडून नवा तुकडा भरला, आता स्क्रूच्या जागी आरपार बोल्ट घालायचे ठरले. म्हणजे वर एकाने बोल्ट फिरवायचा आणि खाली एकाने पान्याने नट धरून ठेवायचा. खाली म्हणजे होडीच्या आतल्या खोलीत, झोपायच्या फळीच्या उशाकडचं ते चिंचोळं कपाट. त्यात जाऊ शकेल असा देह आपल्या नात्यात एकच, माझा. मी डोकं खाली, पाय वर, असा शिरलो. वरून हुकूम आला, "सोडू नका हं!" मी म्हटलं, प्राण गेला तरी सोडणार नाही. मग वरचा आवाज बंद झाला. मला वाटलं, काम बारीक चाललंय. दादा, जाळीवाले चहाला गेले होते! चहा पिऊन, ओळखीचं कोणी भेटलं त्याच्याशी बोलून, सावकाश परत आले तेव्हा मी नट धरूनच होतो. कमरेतली उसण तिथली. पण त्या एका बोल्टला मी जितका जीव लावलाय तितका या वयात कशालाच लावला नसेल.

आणि आता काय सांगू! काय तो कठडा! मी टेकून पाहिला, ढकलून पाहिला, दोन्ही हातांनी लटकून पाहिला. हूं की चूं नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला! तुमच्या बहिणीला हाताला धरून धक्क्यावर नेलं आणि तिच्यासमोर पुन्हा लटकलो. ती म्हणाली, "तुमच्या वजनाने कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा तुटत नाही," आणि घरी निघून गेली. असो. वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. कळावे, लोभ आहेच, फक्त तो येताना सोबत घेऊन या.

तुमचा (अजून तरी होडीवाला)
मेहुणा

ता. क. येताना म्हणजे येत्या रविवारी. त्याचं असं झालं, की जेवताना ही म्हणाली, "आमचा दादा कठड्याला पाठ लावून उभा राहिला आणि कठडा जागचा हलला नाही, तर मी येईन." आता तुमच्या लक्षात आलं असेल की पथ्याबद्दल मी एवढ्या कळवळ्याने का लिहिलं. वजन उतरवून आलात तर ही मानणार नाही. तुमच्या भरल्या शरीरावर माझा संसार अवलंबून आहे.

आणखी ता. क. भीती वाटत असेल तर ती काढून टाका. गेल्या खेपेला तुम्ही फोटोसाठी जरासे टेकलात आणि जे झालं ते जुन्या कठड्यामुळे, तुमच्यामुळे नव्हे. हिला मी तेव्हा वादळ म्हणून सांगितलं ते आजतागायत वादळच आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. पत्र वाचून फाडून टाका.

दादा, हे अक्षर माझं. यांना डिंक कधी सापडत नाही, म्हणून पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं. तू फोटोसाठी टेकलास त्या दिवशी मी होडीच्या खोलीत चहा गाळत होते, हे तुम्हा दोघांच्या लक्षातच नव्हतं. खिडकीतून आधी तुझे तपकिरी बूट दिसले, मग कठडा जाताना दिसला. वादळ बूट घालून येत नाही, एवढं मला कळतं. गप्प बसले, कारण तो कठडा त्याच्या कितीतरी आधीपासून खिळखिळा होता आणि यांना सांगून सांगून माझं तोंड दुखलं होतं. तुझ्या निमित्ताने तरी झाला. काल हे केस कापायला गेले तेव्हा मी एकटीच जाऊन त्या फुलापाशी पाठ टेकून बसले, सूर्य मावळेपर्यंत. चांगला केलाय. दातांच्या डॉक्टरांना फोन करून जावयांना येऊ नका म्हणून कळवलं. यांना इतक्यात बोलू नकोस, आहेत तेवढ्याच आनंदात असू देत, आणखी झाला तर पाण्यात पडतील. तू रविवारी ये आणि सगळ्यांसमोर टेक, पण हळू टेक, आणि पथ्य मुळीच सोडू नकोस. माझी चप्पल तुझ्या वादळापायी गेली आहे, ती आण. एका पायाची आणू नकोस, जोडी आण.