आठव्या हिश्श्याचा चहा

माय, आज नातीनं शहरातून चहाच्या पाच-सहा पुड्या आणल्या. एक जास्वंदीचा, एक नुसता हिरवा, एक तर असा की त्यात चहाच न्हाई, सगळी वाळकी फुलं. एकेक गरम पाण्यात सोडून दुपारभर पीत बसले. हिरवा गवत भिजवल्यावाणी लागला, रागच आला मला त्याचा. पण त्या फुलांच्या वाफेनं डोळे मिटले, अन् मंग मी घनसावंगीच्या वाटेवरल्या आपल्या घरातच येऊन बसले. तू चुलीपुढं आहेस. अडुळशाची पानं धुऊन राह्यलीस, सुंठ ठेचून राह्यलीस. काढा कुठवर आला ते तुला वासावरनं कळायचं. आठ वाट्या पाण्याची एक वाटी उरली की भांडं उतरायचं, त्याआधी बिलकुल न्हाई. साऱ्या गावाचा तुझ्या हातावर भरवसा होता. तुझाही होता.

तेव्हा मोगलाई होती, आपल्या गावात चहा यायचा होता अजून. मला बघायला गोदावरीपल्याडचे चौघं आल्ते. स्थळ मोठं, पण मला ते नको होतं. पावसाळ्यात नदी भरली की माहेर तुटणार, चार-चार महिने तुझं तोंड दिसणार न्हाई, एवढंच मला कळत होतं. पण दादांपुढं, बापापुढं, बोलायची छाती कोणाची? पाहुण्यांनी येताना चहापत्तीची पुडी आणली अन् आम्हाला चहाच लागतो म्हणाले. तू पुडी हुंगलीस, औषधाचीच पत्ती दिसती म्हणालीस, अन् मोठं पातेलं भरून आधण ठेवलंस.

मी शेजारी फुंकणी धरून बसले होते. जालन्याला मावशीकडं पंधरा दिवस राहून आल्ते मी. चहा दोन उकळ्यांत उतरवतात, हे मला चांगलं ठाऊक होतं. तोंड उघडलं न्हाई. पाणी आटून राह्यलं, काळं होऊन राह्यलं, आणि त्या कडू वाफेत मला कशी गुंगी चढली. वाटलं, नदीच आटून चाललीय.

चौघांनी एकेक घोट घेतला अन् वाट्या खाली ठेवल्या. पोरीला साधा चहा येत न्हाई, असं त्यांच्यातला म्हातारा पुटपुटला. तू पदर सावरून दाराआडून बोललीस, "पोरीनं न्हाई केला. हात माझा हाय."

स्थळ मोडलं. मला इथं, कोसावर दिलं. दर बाजारच्या दिवशी मी तुझ्याकडं यायचे, मला हवं ते सगळं मिळालं. अन् तू? खोकल्यानं बेजार झालेली माणसं दारात यायची, तू त्यांना परत लावायचीस. हात बिघडला माझा, म्हणायचीस. अडुळसा अंगणात वाढून गेल्ता, पान कोणी तोडत नव्हतं. मी ते बघायचे, जेवायचे, अन् आपल्या घरी यायचे. एक वाक्य सांगायला किती वेळ लागतो, माय?

शेवटच्या दुखण्यात तूच विचारलंस, "त्या दिवशी माझं काय चुकलं गं?" मी तुझे पाय चेपत म्हणाले की पत्तीच खराब होती. तुला केवढं बरं वाटलं. तोंड उजळलं तुझं. मंग मी नुसते पाय चेपत राह्यले.

हा कागद कुठं धाडू मी? घडी घालून नातीच्या त्या फुलांच्या पुडीत ठेवते. पत्ती चांगली होती, माय.