व्याधाखालचा ठिपका

प्रिय वन्सं,

तुम्ही जाऊन दोन महिने होत आले. इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहायला नुसतं दुःखच होतं, आणि दुःखावर लांबण लावलेली तुम्हाला कधी आवडली नाही. आज मात्र लिहायला कारण आहे. मला तुमचा संशय आलाय.

रागावू नका. आधी ऐका तर!

तुमची आकाशाची चित्रं आता माझ्याकडे आहेत. माझ्या बाबांनी लग्नात दिलेली दोन डोळ्यांची दुर्बीणही परत माझ्याकडे आली. माघातली अंधारी संध्याकाळ बघून ते सगळं घेऊन घराच्या मातीच्या गच्चीवर, धाब्यावर चढले. गुडघ्यांनी शिडीवर दोनदा थांबवलं. मग एकेक चित्र आकाशाशी ताडून पाहिलं. मृगातल्या बाणाखालचा धुरकट डाग, जसाच्या तसा. पुष्यातला भुरका पुंजका, तोही. असणारच! "दिसेल तेच काढायचं, वहिनी, डोक्यातलं नाही," असं मला बजावणाऱ्या तुम्ही. एक चांदणी मी केसभर सरकवली म्हणून दिवसभर बोलला नव्हतात माझ्याशी!

मग व्याधाखालच्या पुंजक्याचं चित्र घेतलं. पुंजका आहे. पण त्याच्या डावीकडे तुम्ही एक ठळक ठिपका काढलाय, आणि आकाशात तिथे काहीच नाही. सरळ पाहिलं, तिरकं पाहिलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा चढून पाहिलं. नाही!

तो ठिपका कुठला, हे मला माहीत आहे. तो माझा आहे.

आठवतंय ना? कोवळ्या वयात विधवा होऊन माहेरी धरणगावला परतलेली मुलगी, थंडीत चिटपाखरू नसताना एकटी धाब्यावर जाते. तोंड आग्नेयेला. आणि आग्नेयेलाच कापसाच्या जिनिंगमधल्या कारकुनाची खोली! गल्लीला आणखी काय हवं होतं? आबांनी मला ओसरीवर बोलावलं. मी त्यांची नवी सून, पदर सावरत उभी.

"तू कॉन्व्हेंटात शिकेल शेस. खोटं बोलनार नही. वर जाय, आनि ती काय दखस ते माले सांग."

मी वर आले ती अशी, तुम्ही काय बघता यावर पाळत ठेवायला. आणि खरं सांगू? तुमच्याकडे पाहून मलाही शंका आली. बोट दाखवायचात एकीकडे, डोळे भलतीकडेच! मी दुर्बीण घेतली, तर मला फक्त व्याध दिसला, लखलखीत.

तुम्ही हसलात. "नन्सनी तुम्हाला सरळ बघायलाच शिकवलं ना? मग नाही दिसायचं. डोळे रोखले की ते लाजतं. व्याधाच्या दोन बोटं खाली या, आणि आता जरा बाजूला बघा. मन मात्र तिथेच ठेवा."

मी बाजूला पाहिलं, आणि ते उमललं! पिंजलेल्या कापसाचा कण हवेत थांबावा तसं. मी धावतच खाली गेले आणि आबांना सांगितलं, "वन्सं तिकडे बघत नाहीत ना, म्हणूनच त्यांना ते दिसतं!"

"म्हनजे जठे ती दखत नही, तठलं तिले दिसस? येडा समजस का माले?"

दुर्बीण पेटीत आणि शिडी गोठ्यात, असा हुकूम झाला. तुम्हाला घरात दुसरं होतं तरी काय? पण तुम्ही रडला नाहीत. म्हणालात, "आबा, आम्ही दोघी वेगवेगळं चित्र काढतो, एकमेकींचं न बघता. जुळलं नाही तर शिडी मीच उचलून देईन."

दुसऱ्या संध्याकाळी आबा स्वतः वर येऊन खाटेवर बसले. कंदिलाची वात बारीक केली. तुम्हाला पलीकडे भिंतीकडे तोंड करून बसवलं. पहिली मी. पुंजका काढून होतो न होतो तोच आबा मोठ्याने खाकरले, मी दचकले आणि पेन्सिल टेकली. काळाकुट्ट ठिपका! खोडायची सोय नव्हती, आबा बघत होते. त्यांनी कागद घेऊन बंडीच्या खिशात घातला आणि मला म्हणाले, "पानी आन."

मी पाणी घेऊन आले, तेव्हा तुमचं चित्र जवळजवळ झालं होतं.

आबांनी दोन्ही कागद कंदिलाशी धरले. त्यांनी त्याच ठिपक्यावर बोट ठेवलं, आधी माझ्या, मग तुमच्या. "हाऊ आठे बी शे, तठे बी शे." मग तुमच्याकडे वळून म्हणाले, "जाय पोर. दख तुले जे दखनं शे ते."

त्या दिवशी मला वाटलं, तिथे खरंच चांदणी असेल आणि माझी पेन्सिल नेमकी तिच्यावर पडली. किती वर्षं मी असं मानून चालले, वन्सं! नीट पाहायचं सुचलंच नाही.

आता सांगा. कागद आबांच्या खिशात होता. तुम्ही तो चोरलात कसा? की चोरलाच नाहीत? मला आणखी एक आठवतंय. मी पाणी घेऊन वर आले, तेव्हा आबांच्या खाटेखाली भरलेला तांब्या होता. मग मला खाली कशाला धाडलं?

त्यांना मोतीबिंदू होता. तुमचा पुंजका त्यांना दिसला नाही, पटलाही नसेल. मग माझा कागद खिशातून काढून तुम्हाला कशासाठी दाखवला असेल त्यांनी? आणि तुम्ही! जन्मभर मी त्यांना कठोर म्हणत आले, तुमच्या तोंडावर म्हणत आले, आणि तुम्ही पदर तोंडाला लावून हसायचात. एकदा तरी सांगायचं होतंत! की त्यांनी शपथ घातली होती?

पुरावा माझ्याकडे नाही, आणि आता तुम्ही दोघंही उत्तर द्यायला नाहीत. तेव्हा मीच ठरवलंय. यापुढे माझा संशय आबांवर.

वैशाखातल्या आखाजीला पितर म्हणून त्यांच्या नावाची घागर मी दरवर्षी भरते, ती मान खाली घालून, सुनेचं काम म्हणून. या वर्षी शेजारी तुमचीही घागर असेल. दोन्ही मीच भरीन. आणि वचन देते, आबांच्या घागरीवरचा आंबा जरा मोठा असेल. तुम्ही रुसायचं नाही.

तुमची,
वहिनी