थीम म्युझिक, प्रभाग सात

३ मार्च २०१६
आजपासून लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणं बंद. तसंही यंदाच्या दुष्काळात लोक लग्नं उरकून घेतायत, ऑर्केस्ट्रा कुणी सांगत नाही. पण मी सोडलं, हे महत्त्वाचं. यापुढे फक्त सिनेमाचं बॅकग्राउंड म्युझिक. व्हिजिटिंग कार्डं छापून आणली : गुरुपादप्पा, इलेक्ट्रॉनिक संगीतकार, ता. जि. उदगीर. छापणारा म्हणाला, जिल्हा अजून लातूरच हाय की. म्हटलं, उदगीर जिल्हा आज ना उद्या होणारच, पुन्हा कोण छापत बसणार!

९ मार्च
काम आलं! नांदेडचे रामकिशन सर आमच्याच गल्लीत दुष्काळावर शॉर्ट फिल्म करतायत. पैसा आमच्या प्रभागाचे नगरसेवक आप्पासाहेब यांचा. सर म्हणाले, थीम करा, लोकांना भिडली तर पुढचा मोठा सिनेमा तुमचाच. 'तर' ते सवयीनं म्हणाले असावेत. शिवकन्येला सांगायला गेलो. ती म्हणाली, आधी घागरी लावा, टँकर यायलाय. आठ-दहा दिवसांत एकदाच येतो, मान्य. पण नवऱ्याला सिनेमा रोज मिळतो का?

२१ मार्च
थीम तयार. चाळीस सेकंद. खाली बेसचा घुमारा, वर सिंथवर तहानलेल्या जमिनीचा हुंकार. शिवकन्या म्हणाली, फ्रीज बिघडला का बघा.
निष्पक्ष मत हवं म्हणून बालमित्र व्यंकटीला पेनड्राइव्ह दिला. तो आप्पासाहेबांचा टँकर चालवतो, पण कान तयार आहे. सरांच्या आधी कुणाला ऐकवायची नाही, अशी शपथ घातली.

२९ मार्च, सकाळी ७
विश्वासघात! गल्लीच्या तोंडाशी माझी थीम, टँकरला बांधलेल्या भोंग्यातून. व्यंकट्याला गाठलं. म्हणतो, हॉर्न बिघडलाय, लोकायला कसं कळंल मग? शपथेचं काय, विचारलं, तर म्हणे ऐकवली कुठं, नुसती वाजवली. बालमित्रानं केसानं गळा कापला. बोलणं बंद.

११ एप्रिल
शांतपणे विचार केला. व्यंकटीनं नकळत माझी पब्लिसिटीच केलीय. मोठमोठ्यांचं संगीत लोक बसून ऐकतात, माझं ऐकलं की धावत सुटतात. शेजारची चतुराबाई गुडघे विसरून पळते. बोलणं पुन्हा सुरू.
सरांनाही थीम पसंत. १ मेला शाळेच्या हॉलमध्ये फिल्म दाखवणार. त्या दिवशी मोठ्या सिनेमाचा निकाल.

१ मे, दुपारी ३
हॉल गच्च. शिवकन्या पहिल्या रांगेत, ठेवणीतल्या साडीत. आभाराचं भाषण पाठ आहे.

१ मे, संध्याकाळी ६
फिल्ममधल्या आईनं घागर उपडी केली, एक थेंब पडला नाही. हॉलमध्ये कुणी खोकत नव्हतं. माझी थीम सुरू झाली. दुसऱ्याच सेकंदाला अख्खा हॉल उभा राहिला!
मी हात जोडले. डोळे भरून आले होते, त्यामुळे लोक दाराकडे निघालेत हे उशिरा दिसलं. खुर्च्या आडव्या झाल्या. चतुराबाई सरांना ढकलून गेली. सगळ्यांच्या पुढं शिवकन्या. हाक मारली तर न वळता ओरडली, बसलाव काय, पाईप आणा!
टँकर कुठं होता? सगळे घागरी घेऊन परत आले आणि मलाच पाणी मागू लागले. थीम लोकांना एवढी भिडली म्हटल्यावर सरांनी खूश व्हायला हवं होतं. ते पडदा गुंडाळत होते.

९ मे
सर फोन उचलत नाहीत. नांदेडला रेंज नसेल.

१६ मे
सरांचा मेसेज आला. थीम पुण्याच्या माणसाकडून पुन्हा करून घेतली. मोठा सिनेमाही त्यालाच. गाव माझं, दुष्काळ माझा, संगीत पुण्याचं! आज फार वाईट वाटलं. शिवकन्येला म्हटलं, तू तरी बसून राहायचीस. तिनं चहा ठेवला, अर्धाच कप. म्हणाली, बसायचं लई मनात होतं हो, पर घरात तांब्याभर बी पाणी न्हवतं.

२८ मे
सकाळी लॅपटॉप पुसत होतो. विकायचा म्हणून नाही, नुसता पुसत होतो. तेवढ्यात गल्लीत वेगळंच संगीत वाजलं. मंद बासरी. आप्पासाहेबांच्या सांगण्यावरून व्यंकटीनं टँकरवर पुणेकराची थीम लावलीय. माझी वाजली तर लोक आता जागचे हलत नाहीत म्हणे. म्हणतात, ते गाणं लबाड हाय.
बासरी ठीक आहे, बेस फार कमी. हे मत मी रांगेत उभं राहून बनवलं. पहिल्याच सुराला घागरी घेऊन धावलो होतो, म्हणून चौथा नंबर लागला.