पत्रेवाडीचं बारसं

पत्रेवाडी, अथेन्स
६ मार्च १९२७

ती. स्त्रातीदादास,
एव्हान्थियाचा शि. सा. न. वि. वि.

वहिनीने पाठवलेली सुकी अंजिरं पोचली. पोस्टमन अजून विटांच्या भट्टीपाशीच उभा राहून हाका मारतो. आत चिखलात कोण येणार! नळावर शहरातल्या बायका आम्हाला पत्र्याच्या खोपट्यांवरून पत्रेवाल्या म्हणून नाकं मुरडतात. पण आता सरकारने वस्तीचं नाव मागितलंय. येत्या रविवारी चर्चच्या अंगणात मतं, घरटी एक. आमच्या घरात पुरुष नाही, म्हणून माझं धरणार.

आपल्या लोकांना मागे राहिलेल्या लिगार्या गावाच्या आठवणीने ‘नवी लिगार्या’ हवंय, समुद्रापलीकडून आपल्यासारख्याच आलेल्या केरामीकरांना ‘नवी केरामी’. घरं दोन्हीकडे सारखीच. सासूबाईंनी तर जेवण टाकलंय. म्हणतात, गाव सुटताना माझ्या फोतिसला सैनिकांनी धरून नेलं, तो सुटला तर कोणत्या नावाने आपल्याला शोधेल? पाच वर्षं झाली, दादा. नवऱ्याचा चेहरा आठवायला मला डोळे मिटावे लागतात. त्यात केरामीच्या लाझारोस गवंड्याने मागणी घातलीय. माणूस भला आहे. वस्तीला लिगार्या नाव पडलं, तर जन्मभर दाराकडे बघत बसेन, ही धास्ती. केरामीला मत दिलं, तर सासूबाईंना तोंड कसं दाखवू? लगेच कळव. तुझ्या मायेवरच उभी आहे.

तुझी
एव्हान्थिया


कवाला
१० मार्च १९२७

चि. एव्हान्थियास,
अनेक आशीर्वाद.

तंबाखूच्या वखारीतून आलो तो तसाच लिहायला बसलो. फोतिस माझा जिवलग होता, तरी सांगतो, कैद्यांच्या सगळ्या याद्या संपल्या, त्याचं नाव कशातच नाही. केरामीला मत देऊन मोकळी हो. हे ऐकून तुझी वहिनी माझ्यावर उखडली. म्हणाली, पुरुषांना काय कळतंय, सासूचा तळतळाट घेऊन कुणाचा संसार फुललाय? म्हणजे आमच्या घरातही मतं समसमान! लहानपणी दोन अंजिरांतलं एक निवडायला तुला अख्खी दुपार लागायची. या वेळी मात्र रविवारपर्यंतच वेळ आहे. नीट जेव. काहीही ठरवलंस तरी तू माझी बहीणच.

तुझा
स्त्राती


नवी लिगार्या
१४ मार्च १९२७

ती. दादास,
शि. सा. न.

वरचं नाव वाचलंस ना? एका मताने झालं, आणि ते मत माझं. हात वर करायचे होते. लाझारोस समोरच उभा होता. सासूबाईंकडे पाहिलं आणि माझा हात वर गेला. तो टोपी घालून निघून गेला, आज दिवसभर इकडे फिरकला नाही. चूक केली का रे? चार ओळी तरी लिही.

एव्हान्थिया


नवी लिगार्या
२९ मे १९२७

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

बसून वाच. गेल्या मंगळवारी एक वाळकुडा माणूस दारात आला. आपल्या गिरणीवाल्याचा थोरला, मनोलिस! मिटिलिनी बेटावर तेलाच्या घाण्यावर राबत होता. वर्तमानपत्रात नव्या वस्त्यांची यादी आली, त्यात लिगार्या दिसलं, तसा जहाजात बसला.

तो फोतिसबरोबर कैदेत होता. रस्त्याची खडी फोडताना दुसऱ्याच हिवाळ्यात फोतिसला तापाने गाठलं. मनोलिसनेच त्याला पुरलं. सासूबाई रडल्या नाहीत. एवढंच विचारलं, की अंगावर पांघरूण होतं का. तो म्हणाला, माझा कोट घातला होता, मावशी. मग त्यांनी त्याला जवळ बसवून वाढलं, आणि तो जेवत असताना डोक्यावरच्या रुमालाआड रडल्या.

काल फोतिससाठी प्रार्थना केली, गेलेल्याच्या नावाने वाटतात तसे उकडलेले गहू वाटले. लाझारोस आला, पण रस्त्यावरच टोपी काढून उभा राहिला. सासूबाई स्वतः उठून गेल्या. म्हणाल्या, परक्यासारखा उन्हात काय उभा राहतोस बाबा, आत ये, आणि वाकून ये, दार ठेंगणं आहे. गव्हाची वाटी मी त्याच्या हातात दिली.

सासूबाईंनी मुद्दाम विचारायला सांगितलंय, ऑगस्टचे उपवास सुटले की तुम्हा दोघांना आठवडाभर येता येईल का? लग्नात लेकीच्या बाजूने उभं राहायला माणसं हवीत, म्हणतात. लेक म्हणाल्या, दादा, सून नाही.

वाट पाहते.

तुझी
एव्हान्थिया