आबांच्या कापडी सपाता

रामवाडी, पेण
रविवार, दुपार

सौ. हौसावन्सं यांना धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? भावोजींचा खोकला थांबला का? मागच्या दारच्या शेवग्याला शेंगा लागल्या असतील. यंदा तुम्हाला मिळाल्या की शेजारणीनेच काढल्या? इकडे सगळे खुशाल. म्हणजे हे नागोठण्याला कंपनीत शिफ्टला जातात, मी गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या मुकुटांना खडे चिकटवायला जाते, आणि आबा दिवसभर ओटीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चुका काढतात. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोन तुमच्या वडिलांच्या खाटेच्या उशाशी आहे आणि ‘आबा’ हा शब्द कानावर पडला की ते टीव्हीचा आवाज बंद करून ऐकत बसतात. म्हणून पत्र.

तर वन्सं, दिवाळीत घरात पांढरी लादी बसवली ती तुम्ही पाहिलीत. (तेव्हा तुम्ही म्हणालात, डाग दिसतील गो. तुमच्या तोंडात साखर पडो म्हणणार होते, पण घरात आधीच एकाला साखर आहे.) डाग दिसले आणि दिसले तेच बरं झालं. संक्रांतीनंतरच्या मंगळवारी मी कारखान्यातून आले, तर स्वयंपाकघरापासून ओटीपर्यंत लाल ठिपके. मला वाटलं कुंकू सांडलं. पुसायला वाकले तर ओलं. ठिपक्यांच्या मागोमाग गेले, तर शेवटच्या ठिपक्याशी आबा बसलेले, टाचेत इंचभर खिळा, आणि निवांतपणे वालाच्या शेंगा सोलतायत. “आबा, पायात खिळा आहे!” मी ओरडले. त्यांनी पाय उलटा करून पाहिला, जणू शेजाऱ्याचाच पाय. “कवा घुसला गो?” म्हणाले. चाळीस वर्षं मिठागरात खाऱ्या पाण्यात उभे राहिलेले ते पाय. टाचेच्या भेगेत वालाचा दाणा मावेल. मला वाटलं, जाड कातडीमुळे कळलं नसेल. पण डॉक्टरांनी सुई टोचून पाहिली आणि आबा आपले छताचा पंखा बघत बसले, तेव्हा मला कळलं. साखरेनं पायाची जाणीवच गेली आहे. डॉक्टर म्हणाले, यापुढे घरातसुद्धा एक पाऊल अनवाणी टाकायचं नाही. (तुम्हाला तेव्हा कळवलं नाही. ह्यांनी नको म्हटलं. रागवायचं असेल तर भावावर रागवा, मी परक्याची पोर.)

रबरी चपला आणल्या. आबा म्हणाले, “घरात देव हायत. मी चपला घालून फिरू?” आणि चपला खाटेखाली गेल्या. मग स्टेशनाजवळ शिवणाचा क्लास घेणाऱ्या गिरजाबाईंनी तोड काढली, की घरीच कापडाच्या सपाता शिव. कापडाला कोण चप्पल म्हणतं, तो एक मोठा मोजाच. आता सपाता शिवायच्या तर आधी पाय कागदावर ठेवून कडेनं पेन्सिल फिरवावी लागते. आबा सुखासुखी माप देणार नाहीत हे ठाऊक होतं, म्हणून दुपारी ते खुर्चीत डुलकी घेत असताना मी उजव्या पायाखाली वर्तमानपत्र सरकवलं. पेन्सिल अंगठ्याला वळसा घालत होती तेवढ्यात कागदाच्या आवाजानं ते जागे झाले. सून पायाशी वाकलेली बघून त्यांना एकदम भरून आलं. डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “अखंड सौभाग्यवती हो,” आणि तो हात काही केल्या उचलेनात. दुसऱ्या दिवशी डाव्या पायासाठी वाकले, पुन्हा तोच आशीर्वाद. संध्याकाळी ह्यांना सांगत होते, सून गुणाची आहे, रोज पाया पडते. वन्सं, आता मला रोज पडावं लागतं.

पहिला जोड जुन्या गोधडीचा. आतून फ्लॅनेल, वरून कोयऱ्यांचं सुती कापड, शिवायला चार दिवस, आणि इतका मऊ की मांजर एका सपातीत तोंड घालून झोपलं. पण कापडी तळवा आणि आपली ती गुळगुळीत लादी! आबा खाटेवरून उठले, एक पाऊल टाकलं आणि दुसरं टाकायच्या आत शोकेसपाशी पोचले. दोन्ही हात पसरलेले, डोळे मिटलेले, आणि शोकेसला अशी मिठी मारली की आतल्या कपबश्या खुळखुळल्या. ह्या वयात पडले असते तर? आबा मात्र जरा दम खाऊन म्हणाले, “चिखलात जल्म गेला, पन अशी घसरगुंडी नाय पायली.” त्यांना बहुतेक आवडलं असावं, कारण जोड मी लपवून ठेवला तर दोन दिवस शोधत होते.

दुसऱ्या जोडाला सायकलच्या ट्यूबचा तळवा लावला. (ह्यात तुमच्या भावाचा वाटा आहे. त्यांनी ट्यूब कापली आणि कात्री हरवली.) इथवर ठीक होतं, पण मग माझी मती फिरली. कारखान्यात उरलेले, टवका उडालेले खडे मालक आम्हा बायकांना नेऊ देतात. लाल मखमल घेतली, कडेनं सोनेरी जर शिवली आणि मधोमध खड्यांचं कमळ काढलं. गिरजाबाई म्हणाल्या, नवरदेवानं घालाव्यात अशा झाल्यात. आबांनी त्या उजेडात फिरवून पाहिल्या.

“हे खडे कुठचे?”

“कारखान्यातले,” मी जरा तोऱ्यातच म्हटलं.

“म्हनजे देवाच्या मुकुटाचे?”

“उरलेले, आबा.”

“मंग तर परसादच झाला. परसाद पायात घालू?”

सकाळी मी पूजेला गेले तर देव्हाऱ्यात सपाता, प्रत्येकीवर एकेक जास्वंद. हे आंघोळ करून आले आणि न बघताच हात जोडून गेले. हळदीकुंकवाला आलेल्या धोंडुबाईंनी दबक्या आवाजात विचारलं, पादुका कुठल्या महाराजांच्या? मी म्हटलं, आमच्या घरातल्याच आहेत, ओटीवर बसलेत, दर्शन घ्या.

तिकडे देव सपाता सांभाळत होते आणि इकडे आबा पुन्हा अनवाणी. मग तिसरा जोड मी रागातच कापायला घेतला. खडे नाहीत, जर नाही, ह्यांच्या जुन्या खाकी पॅन्टचं कापड आणि दुहेरी ट्यूब. मशीनची सुई मोडली. दुसरी घातली, तीही मोडली. हातानं शिवायला बसले तर सुई बोटात गेली आणि मी चक्क ओटीवर बसून रडायला लागले. आबा म्हणाले, एवढ्याशा सुईला रडतेस काय? तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, “मला टोचलेलं कळतं, आबा. तुम्हाला कळत नाही. उद्या पाय कापायची वेळ आली तर हौसावन्संना मी काय तोंड दाखवू?”

आबांनी माझ्या बोटाकडे पाहिलं. उठले, आत गेले. मला वाटलं, रागावले, आता जेवणार नाहीत. पत्र्याच्या पेटीचा आवाज आला आणि ते बाहेर आले ते हातात दाभण आणि सुतळी घेऊन. मिठाच्या गोण्या शिवायचं ते जुनं दाभण, वितीएवढं. माझ्या हातातली सपात ओढून घेतली, शिवण नखानं उसवून पाहिली आणि म्हणाले, “ह्याला शिवन म्हनतात? मीठ भरलं तर कासू गावापोत्तर रस्ताभर सांडंल.” मग चष्मा लावला, सुतळीला मेण चोळलं आणि तळवा असा आवळून शिवला की मी दोन्ही हातांनी ओढला तरी टाका हलेना. दुसरी सपात शिवून झाली आणि कुणी न सांगता त्यांनी दोन्ही पायांत घातल्या. ओटीवरून स्वयंपाकघरात गेले, परत आले, पुन्हा गेले. स्वतःच्या हातच्या म्हटल्यावर देवही आड आले नाहीत.

आणि वन्सं, माझ्या कमळाला नावं ठेवणारे आबा जेवण झाल्यावर विचारतात, “निला दोरा हाय का?” मिठागरात त्यांच्या गोण्यांवर निळ्या दोऱ्याची फुली असायची म्हणे. तशी एक पुढच्या टोकावर काढली. फुली एकटीच दिसते म्हणून शेजारी मासा आला. मासा आला तर पाणी नको का? आता उजव्या सपातीवर अख्खी खाडी आहे, बगळ्यासकट. डावीवर नुसती फुली, कारण दोरा संपला.

मिठागरातले त्यांचे दोस्त गुणाजीकाका गेल्या रविवारी कासूहून आले होते. आधी खूप हसले, म्हातारपणी पायात भरतकाम काय म्हणून. आबांनी पाय समोरच्या स्टुलावर ठेवले. निघताना काका मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “मना नको गो, पन घरवालीचा पाय लई फुटलाय,” आणि खिशातून जे माप काढलं ते चांगलं पुरुषी आठ नंबरचं. तेव्हापासून आपली ओटी म्हणजे कारखाना झाली आहे. गिरजाबाईंनी आबांना क्लासला बोलावलं. दर बुधवारी दाढी करून जातात आणि अकरा बायकांना ‘मीठ सांडंल’ म्हणून ओरडून येतात. एकीनं तर भीतीनं सगळा जोड घरी नेऊन उसवला.

तर इकडे असा आनंद चालला आहे. तुम्ही गुडघ्याला जपा, जिने चढू नका. भावोजींना नमस्कार सांगा.

तुमची,
चंद्रावती

ता. क. वन्सं, खिळ्याची जखम अजून भरलेली नाही. खाडी, बगळा सगळं वर आहे, आत पट्टी आहे आणि कडा काळसर दिसते. डॉक्टर दोनदा म्हणाले, अलिबागला मोठ्या डॉक्टरांना दाखवा. आबा म्हणतात, क्लास बुडेल. हे सांगून थकले, मी रडून थकले. ते फक्त तुमचं ऐकतात (लहानपणापासून, असं हे सांगतात आणि अजून कुढतात). गुडघा दुखत असला तरी पत्र मिळालं की येत्या बुधवारी सकाळच्या गाडीनं या. वरचं सगळं पत्र एवढं लिहायला धीर यावा म्हणून लिहिलं.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवत होते तर आबा मागे उभे. कापडी सपातांचा पायरव होत नाही, हा तोटा मला कुणी सांगितला नव्हता. पत्र वाचून दाखवायला लावलं. मी ता. क. गाळायला बघत होते, पण कागदावर खाली अजून लिहिलेलं उरलंय हे त्यांनाही दिसत होतं. वाचून झाल्यावर खाटेवर जाऊन बसले आणि म्हणाले, “लिव.” तेव्हा हे त्यांच्या शब्दांत:

“हौसा, चंद्रीनं सगला वाढवून लिवलाय. शोकेसपोत्तर मी घसरलो नाय, चालत गेलो. पाय बरा हाय. तू यायची काय गरज नाय. आलीस तर बुधवारी नको, मंगलवारी ये. मासेवाल्या जगनला जिताडा मासा आनाय सांगतो. अलिबागला जाऊ, पन एसटीत खिडकीपाशी मी बसनार. आनि येताना वहान जरा मोकली घाल, पाय सुजवून येऊ नको, मना माप घ्यायचंय. तू ल्हान होतीस तवा तुझा पाय माझ्या वितीत दोन बोटं कमी भरायचा, येवढंच मना ठाव हाय.”