माझं लिमिट कोणी तपासलं?

३ फेब्रुवारी, सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. दोन्ही गुडघे बदलून घेतल्यापासून चालणं कमी आणि विचार जास्त. विचारांची नोंद राहिलेली बरी. दुसरं कुणी वाचणार नाही, त्यामुळे खरं लिहायला हरकत नाही.

काल हिला घेऊन कानाच्या मशिनच्या दुकानात गेलो. जोडी नव्वद हजार. माझे गुडघे झाल्यावर खात्यात उरलेत बावीस. दुकानातल्या बाई म्हणाल्या, क्रेडिट कार्डावर बारा हप्ते, बिनव्याजी. फक्त कार्डाचं लिमिट नव्वदच्या वर हवं. स्कीम एकतीस मार्चपर्यंत.

म्हणजे जवळजवळ दोन महिने. ढीगभर वेळ. एकोणतीस वर्षं भूगोल शिकवला, बोर्डाचे पेपर तपासले, त्यात अकरा वर्षं मॉडरेटर. जन्मात कर्ज काढलं नाही. अशा माणसाला लिमिट द्यायला कंपन्या रांग लावतील.

महिन्याभरात मशीन आणतो, असं हिला ओरडून सांगितलं. हिने मान डोलावली. ऐकू आलं की नाही, देव जाणे.

४ फेब्रुवारी
फोनवरूनच अर्ज भरला. एक तास चाळीस मिनिटं. उत्पन्न विचारतात, पत्ता विचारतात, पण माणूस कसा आहे त्याला रकानाच नाही. शेवटी पत्त्याच्या रकान्यात इमारतीच्या नावाआधी ‘माजी मॉडरेटर’ असं लिहिलं. पेपर कुणाचा आहे ते तपासणाऱ्याला कळायला हवं.

अपेक्षा: दीड लाख. फार हाव नको.

१५ फेब्रुवारी
कार्ड आलं. लिमिट पंधरा हजार.

शून्य राहिलंय. होतं असं. मीसुद्धा एका वर्षी एका मुलीच्या शहाऐंशीचे अडुसष्ट केले होते. रिचेकिंगमध्ये सुधारले.

दुपारी ३.४०
कस्टमर केअरला फोन. पंचवीस मिनिटं बासरी ऐकवली, मग एक बाई. गोड बोलत होती. माझा अर्ज कोणी तपासला, असं विचारलं. कुणी नाही, सिस्टीमने. मग सिस्टीमच्या वरचे साहेब द्या, म्हटलं. सिस्टीमच्या वर कुणी नसतं, म्हणाली.

शून्य राहिलेलं नाही. पेन्शन बेताची, आणि मी आजवर कर्जच घेतलं नाही, त्यामुळे घेतलेलं फेडतो की नाही हे त्यांना कळायला मार्ग नाही. म्हणजे कधी कॉपी केली नाही म्हणून मार्क कापले. आता कार्ड नीट वापरा, सहा महिन्यांनी लिमिट आपोआप तपासलं जाईल, म्हणाली.

सहा महिने! मला दीड महिन्यात हवंय. पण घाबरण्याचं कारण नाही. परीक्षा पद्धतीतल्या खाचाखोचा मला कोण शिकवणार?

१७ फेब्रुवारी
खालच्या मेडिकलवाल्याकडे गोळ्या आणायला गेलो. माझा विद्यार्थी. भूगोलात एकतीस. त्याचं लिमिट अडीच लाख! ऐकून गोळी तिथेच घेतली.

त्याने न विचारता मार्गदर्शन केलं. लिमिटच्या पाव हिश्श्याच्या वर खर्च करायचा नाही, बिल तारखेच्या आत पूर्ण भरायचं, बाकी वाट बघायची. मी ऐकून घेतलं. एकतीस मार्कवाल्याचं गाईड वाचून आजवर कोण पास झालंय?

माझा विचार वेगळा आहे. परीक्षेत पुरवणी कुणाला मिळते? ज्याची मुख्य उत्तरपत्रिका पूर्ण भरली त्याला. पाव उत्तरपत्रिका लिहून पुरवणी मागणाऱ्या पोराला सुपरवायझर हाकलून देईल. तेव्हा आधी पंधरा हजार काठोकाठ भरायचे. मग मागायचं.

२३ फेब्रुवारी
भरले. चौदा हजार नऊशे चाळीस. एक पंखा, दोन मोठ्या सुटकेस, बुटांचे दोन जोड आणि आत दिवा लागणारा पृथ्वीगोल. गोलाची गरज नव्हती, पण दुकानात त्याच्यावरून हात फिरवला आणि राहवलं नाही.

सुटकेस बघून हिने विचारलं, कुठे जायचंय? मी पुरवणीचा सिद्धान्त ओरडून समजावला. छान, म्हणाली. रात्री जेवताना पुन्हा विचारलं, कुठे जायचंय?

१ मार्च
पुरवणी मागितली. चार सेकंदांत नकार. चार सेकंदांत माझा पेपरावरचा नंबरसुद्धा वाचून होत नसे. कारण: कार्डाचा वापर जास्त आहे. वापरायला दिलेली वस्तू वापरली, हा गुन्हा.

संध्याकाळी मुलीचा फोन. नात आजीशी बोलली. चार वर्षांची आहे, भराभर बोलते. ही फोन कानाला घट्ट दाबून ‘हो का, छान, छान’ म्हणत होती. पलीकडे नात रडायला लागली. मी फोन घेतला. ती सांगत होती की मी पडले, गुडघ्याला रक्त आलं.

हिला सांगितलं नाही. पण माझ्या तोंडावरून तिला कळलं असावं. फोन वाजला की आता ती उठून आत जाते.

५ मार्च
खचून चालणार नाही. एकाच परीक्षकाच्या हाती भवितव्य देऊ नये, हे मी पालकांना नेहमी सांगायचो. आज चार वेगवेगळ्या कंपन्यांकडे अर्ज केले. एका दिवसात चार. वेग चांगला आहे माझा. चारांची सरासरी काढली तरी लाखाच्या वर जाईल.

मुलीला मेसेज केला की आईच्या मशिनचं काम मार्गी लागलंय, काळजी नसावी.

९ मार्च
चारही नकार.

मेडिकलवाल्याला सहज म्हणून सांगितलं. तो गोळ्यांची पाकिटं मोजत होता, थांबला. म्हणाला, “सर, प्रत्येक अर्जाची नोंद होते. एका दिवसात चार दारं वाजवली की पाचव्याला वाटतं, हा माणूस अडचणीत आहे.”

मी अडचणीत नाही, असं ठणकावून सांगितलं. त्याने गोळ्यांचे पैसे घेतले नाहीत. मला आवडलं नाही ते.

१२ मार्च
बिल आलं. भरायचे चौदा हजार नऊशे चाळीस. खाली ठळक अक्षरांत: किमान रक्कम सातशे सत्तेचाळीस. म्हणजे पास व्हायला लागतात तेवढे. सातशे सत्तेचाळीस भरले. पास. बावीस हजार पहिल्या हप्त्यासाठी राखून ठेवलेले बरे.

उरलेल्या रकमेवर व्याज लागेल असं बारीक अक्षरांत लिहिलंय. बारीक अक्षरांतलं तपासायची मला सवय नाही.

१६ मार्च
सिस्टीमला पत्र लिहिलं. चार पानं. सेवेचा तपशील, मॉडरेटरपदाचा दाखला, आणि शेवटी, बायकोला ऐकू येत नाही, हे एका ओळीत. ही ओळ दोनदा खोडली आणि तिसऱ्यांदा ठेवली.

लगेच उत्तर आलं. आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल?

एक दिला. मॉडरेटर म्हणून एवढाच अधिकार शिल्लक आहे.

२१ मार्च, सकाळी ११
मेसेज! ‘आपल्या कार्डाचे लिमिट सुधारित करण्यात आले आहे.’ शेवटी न्याय! पत्राचा परिणाम. सिस्टीमच्या वर कुणीतरी आहे, मी म्हणतच होतो.

कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून हिच्या समोर धरलं: लिमिट वाढलं. हिने दोनदा वाचलं. किती दिवसांनी हसली. पाच मिनिटांत तयार होऊन पर्स घेऊन दारात उभी. माझा चष्मा घरीच राहिला, इतकी घाई.

त्याच दिवशी, संध्याकाळ
लिहायचं नव्हतं. पण खरं लिहायचं असं ठरलंय.

दुकानात बाईंनी हिच्या दोन्ही कानांत नमुन्याचं मशीन बसवलं. मी सवयीने ओरडून विचारलं, येतंय का ऐकू? ती दचकली आणि म्हणाली, “अहो, ओरडताय कशाला?” मग रस्त्यावरच्या गाड्यांचा, पंख्याचा, बाईंच्या बांगड्यांचा आवाज एकेक करून ऐकत होती. डोळे भरले होते तिचे. माझेही.

कार्ड दिलं. चाललं नाही. पुन्हा. नाही. बाईंनी मेसेज वाचून दाखवला. सुधारित लिमिट साडेचौदा हजार. वाढवलं नव्हतं, पाचशेने कमी केलं होतं.

बाई भल्या होत्या. हिच्या कानांतून मशीन अलगद काढलं, पुसलं आणि डबीत ठेवलं. मी बघत उभा राहिलो. दुसरं काय करणार होतो?

येताना पायऱ्यांवर हिने माझा हात धरला. गुडघे दुखतायत का, म्हणाली. गुडघे एकदम झकास आहेत. तेच सहन होत नाही. पैसे दोघांचे होते, आणि आधी माझे गुडघे करू, असं मीच म्हटलं होतं.

३० मार्च
मुलगी आली, न कळवता. मेडिकलवाल्याने फोन केला होता म्हणे. चोंबडा. एकतीससुद्धा जास्त दिले.

आईला घेऊन गेली आणि स्वतःच्या कार्डावर मशीन घेतलं. जायला-यायला धरून पाऊण तास. मग माझ्या बावीस हजारांतून माझं कार्ड पूर्ण भरून टाकलं. तिचंही लिमिट सिस्टीमनेच ठरवलंय, त्यात तिचं कर्तृत्व काही नाही, हे मी शांतपणे समजावलं. ती पृथ्वीगोल पुसत होती.

७ एप्रिल
चांगली बातमी. मुलीने तिच्या कार्डावर माझ्या नावाचं जोडकार्ड काढलं. या कार्डाचं लिमिट सिस्टीम ठरवत नाही, मूळ कार्डवाला ठरवतो. म्हणजे प्रथमच माझा पेपर माणसाच्या हातात! तोही माझ्याच तालमीत तयार झालेल्या. पन्नास हजार धरून चालतो. वडिलांचा मान म्हणून थोडे वरच.

८ एप्रिल, दुपारी १२.१५
मेसेज आला. यावेळी चष्मा लावून वाचला. दोन हजार.

बाल्कनीत गेलो, मागे दार लावून घेतलं आणि अगदी हळू आवाजात मुलीला फोन केला. रिचेकिंग नकोय, म्हटलं, फक्त निकष सांग. कशाच्या आधारावर दोन हजार?

ती म्हणाली, “बाबा, बँक तुम्हाला ओळखत नव्हती, म्हणून पंधरा तरी दिले. मी ओळखते.”

किमान पाच तरी कर, मी कुजबुजलो.

ती काही म्हणायच्या आत स्वयंपाकघरातून ही म्हणाली, “दोनच राहू दे म्हणावं.”

मशीन चांगलं आहे.